घाटातली एसटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीचे घाट चढून-उतरून जाणाऱ्या एसटीबद्दल ट्रेकर, चाकरमानी, घाटमाथ्याच्या शाळेवर नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि पोराबाळांना घेऊन आजोळी निघालेली मंडळी तेच तेच प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. घाटात नेमकी कोणती एसटी जाते? शिवशाही मिळेल का?

बहुतेक घाटांत साधी लाल गाडीच, म्हणजे लालपरी. मुंबई-पुणे बोरघाटात शिवनेरी धावते आणि रुंद रस्त्याच्या घाटांत शिवशाही किंवा निमआराम हिरकणीही भेटते. आंबेनळी, वरंध यांसारख्या घाटांत मात्र वळणे इतकी आखूड आहेत की लांब गाडी एका दमात वळत नाही. तिथे वातानुकूलित गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही. घाटात उघडणारी खिडकी हीच मोठी सोय, असे आमचे मत. प्रश्न १५ वाचल्यावर तुम्हालाही पटेल.

माथेरानची गोष्ट निराळी. कर्जतहून मिनीबस जाते, पण ती दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे मोटारींना बंदी असल्याने पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जायचे.

२. कुठला घाट कुठे उतरतो, हे एकदा सरळ सांगाल का?

उत्तरेकडून निघू. मुंबई-नाशिक रस्त्यावर कसारा, म्हणजेच थळघाट. कल्याणहून मुरबाडमार्गे ओतूर-आळेफाट्याला जाताना माळशेज. मुंबई-पुण्याच्या मध्ये बोरघाट. पुण्याहून मुळशीमार्गे माणगावला उतरतो तो ताम्हिणी, आणि भोरहून महाडला उतरतो तो वरंध. वाईहून पाचगणीला चढवतो तो पसरणी घाट. पुढे महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी. कऱ्हाड-पाटण-कोयनानगर करत चिपळूणला जाताना कुंभार्ली लागतो.

कोल्हापूरकरांकडे तर घाटांची रांगच आहे. रत्नागिरीला जायला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा, वैभववाडीला गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, कणकवलीला राधानगरीवरून फोंडा आणि आजऱ्यावरून सावंतवाडीला आंबोली.

कशेडी आणि परशुराम हे घाट वेगळ्या जातीचे. ते देशावरून कोकणात उतरत नाहीत, मुंबई-गोवा महामार्गावर कोकणातल्या कोकणातच डोंगर ओलांडतात. त्यामुळे ‘मी घाट टाळून महामार्गाने येतो’ म्हणणाऱ्यालाही थोडा घाट लागतोच.

३. पुणे-चिपळूण गाडी कुठल्या घाटाने जाते? एक जण ताम्हिणी सांगतो, दुसरा कुंभार्ली.

दोघेही बरोबर आहेत. एक गाडी ताम्हिणीने माणगाव-महाड करत कशेडीमार्गे येते, दुसरी सातारा-उंब्रज-पाटण करत कुंभार्लीने उतरते. पुणे-महाडला तर तीन वाटा आहेत. ताम्हिणी, वरंध, किंवा वाई-महाबळेश्वर-आंबेनळी असा लांबचा फेरा.

म्हणून पाटीवरचे मोठ्या अक्षरातले गाव वाचून चढू नका. खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’ लिहिलेले असते, ते वाचा, आणि कंडक्टरला मधल्या गावाचे नाव घेऊन विचारा. ‘चिपळूणला जाणार का?’ याला दोन्ही गाड्यांत ‘हो’च उत्तर येईल. ‘कोयनानगरला थांबणार का?’ असे विचारले की लगेच उलगडा होतो. आरक्षण करतानाही मधले थांबे उघडून पाहा. नाहीतर पाटणला उतरायचे ठरवून तुम्ही माणगावच्या स्थानकात चहा पीत बसाल.

४. इंटरनेटवर सापडलेले वेळापत्रक आणि स्थानकावरची गाडी जुळत का नाही?

महामंडळाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर मुख्यतः आरक्षण होणाऱ्या फेऱ्या दिसतात. घाटातल्या वाड्यावस्त्यांच्या साध्या फेऱ्या तिथे नसतातच. इतर ठिकाणी फिरणारी वेळापत्रके तर कुणीतरी कधीतरी स्थानकावरच्या फलकाचा फोटो काढून टाकलेली असतात आणि त्यानंतर फेऱ्या दहा वेळा बदललेल्या असतात.

भरवसा ठेवायचा तर वाहतूक नियंत्रकावर. पण कुठल्या स्थानकातल्या नियंत्रकाला विचारायचे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रत्येक फेरी कोणत्या तरी एका आगाराची असते. चालक, वाहक, गाडी, डिझेल, सगळे त्या आगाराचे. ती फेरी आज सुटणार की रद्द झाली हे त्याच आगाराला आधी कळते. महाबळेश्वरच्या स्थानकात उभे राहून महाड आगाराच्या गाडीची चौकशी केलीत तर ‘येईल बहुतेक’ एवढेच ऐकायला मिळेल. त्यात बिचाऱ्या नियंत्रकाचा दोष नाही. ती गाडी त्याच्या हातातलीच नाही. आगार कसे ओळखायचे ते पुढच्या प्रश्नात.

५. गाडी कोणत्या आगाराची हे कसे ओळखायचे?

गाडीच्या अंगावर आगाराचे नाव रंगवलेले असते. गाडी समोर नसेल, फोनवरून चौकशी करायची असेल, तर एक ठोकताळा वापरा. सकाळी पहिल्यांदा जिथून सुटते आणि रात्री जिथे परतते ते तिचे घर. मुक्कामी गाडी याला अपवाद (प्रश्न ६). लांब पल्ल्याच्या मार्गावर दोन्ही टोकांची आगारे आपापल्या गाड्या सोडतात, म्हणून सकाळची आठची गाडी एका आगाराची आणि दहाची दुसऱ्याची असू शकते.

याचा एक व्यवहारी फायदा आहे. परतीच्या फेरीतली गाडी आपल्या घरी निघालेली असते. ती उशिरा सुटेल, पण सहसा सुटेल, कारण चालक-वाहकांनाही घरीच जायचे असते. घरून निघणारी फेरी मात्र गाडी कमी पडली, चालक रजेवर गेला तर आगारातच रद्द होऊ शकते. संध्याकाळच्या प्रवासाला दोन पर्याय असतील तर घरी निघालेली गाडी धरा.

६. मुक्कामी गाडी म्हणजे काय? ट्रेकला तिचा उपयोग होतो असे ऐकले.

होतो, आणि चांगलाच. घाटातल्या टोकाच्या गावाला संध्याकाळी शेवटची गाडी जाते आणि रात्री तिथेच राहते. चालक-वाहक गावात मुक्काम करतात, कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठे शाळेत, कुठे गाडीतच. पहाटे तीच गाडी दूधवाले, बाजाराला निघालेल्या बायका आणि कॉलेजची पोरे घेऊन तालुक्याला उतरते. काही भागांत हिला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, अशा गावाला भल्या सकाळी जाणारी गाडी बहुधा नसते. पहिली गाडी गावातून बाहेर येते, आत जायला त्यानंतरची फेरी. ‘पहाटे तालुक्याला उतरतो आणि पहिल्या एसटीने पायथा गाठतो’ हा बेत म्हणूनच बारगळतो. आदल्या संध्याकाळी मुक्कामी गाडीने जा, गावात राहा आणि उजाडताच चढाईला लागा.

दुसरी, परतताना पहाटेची गाडी चुकली तर मधली फेरी दुपारी असते किंवा नसतेही. गाडी साडेपाचला सुटणार म्हणजे साडेपाचलाच सुटते. शहरातल्या स्थानकावर पंधरा मिनिटे उशीर चालतो, इथे नाही. रात्रीच चालकाला सांगून ठेवा की सकाळी आम्ही इतके जण आहोत. तो हॉर्न वाजवेल, दोन मिनिटे थांबेलही. ओळख न देता अंथरुणात पडून राहिलात तर मात्र नुसता हॉर्न ऐकत बसाल.

पावसाळ्यात रस्ता खचलेला असेल किंवा ओढ्याला पाणी असेल तर मुक्कामी गाडी अलीकडच्याच गावात मुक्काम करते. निघण्याआधी ‘गाडी वरपर्यंत जाते का?’ असे स्पष्ट विचारा. ‘गाडी चालू आहे’ या उत्तरात ते येत नाही.

७. शेवटची एसटी चुकली तर?

माणशी भाडे घेणारी जीप. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, इतरत्र काळी-पिवळी. ही वाहने भरल्याशिवाय सुटत नाहीत, आणि अंधार पडल्यावर घाट ओलांडणारी सहसा नसतात, फार तर घाटाच्या अलीकडच्या गावापर्यंत जातात. तेव्हा स्थानकातच थांबून मुख्य मार्गावरची रात्रीची लांब पल्ल्याची गाडी आहे का ते विचारा. मुंबई-कोकण किंवा पुणे-कोकण रातराणी मध्यरात्रीनंतर घाट उतरते आणि जागा असेल तर मधल्या स्थानकातून घेते. भलत्या ट्रकला हात दाखवून घाटात शिरण्यापेक्षा हे बरे.

८. परवा गाडी होती, रविवारी का नव्हती?

ती बहुधा शाळेची फेरी होती. घाटातल्या कित्येक फेऱ्या विद्यार्थ्यांच्या पासवर उभ्या आहेत. शाळा-कॉलेज बंद की फेरी बंद, म्हणजे रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात. फलकावर कडेला ‘रविवार बंद’ लिहिलेले असते, पण ते खडूचे असते आणि अर्धे पुसलेले असते.

दुसरे कारण हंगामी. गणपतीला मुंबईहून कोकणात जादा गाड्या सोडायच्या तर त्या राज्यभरातल्या आगारांतूनच गोळा होतात. आषाढीला पंढरपूरसाठीही तेच. त्या दिवसांत लांबच्या एखाद्या आगाराची दुपारची घाटातली फेरी गुपचूप गळते. गर्दी एकीकडे आणि गैरसोय भलतीकडे, असा हा प्रकार. निवडणुकीच्या कामाला गाड्या दिल्या की असेच होते. या काळात वेळापत्रक पाहू नका, आदल्या दिवशी आगाराला फोन करा.

९. घाटातल्या गाडीला आरक्षण करावे का?

लांब पल्ल्याची असेल आणि शनिवार-रविवार, सुट्ट्या किंवा गणपती-शिमगा असेल तर नक्की. तालुका ते गाव फेरीला आरक्षण नसतेच. मधल्या थांब्यावरून चढणार असाल तर आरक्षण त्याच थांब्यावरून केले आहे ना, हे तपासा.

१०. भाडे कसे ठरते? घाटाने अंतर कमी असूनही जास्त का पडते?

एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. अर्ध्या टप्प्यावर उतरलात तरी पूर्ण टप्प्याचे पैसे. म्हणून शेजारच्या दोन थांब्यांचे भाडे कधी सारखे निघते, तर कधी एका थांब्याने एकदम वाढते. गाडी कुठल्या घाटाने जाते त्यावर अंतर बदलते, म्हणून त्याच दोन गावांची दोन भाडी असू शकतात. गाडीचा प्रकार बदलला तर दरही बदलतो. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आहे, तेव्हा त्याआधीचे दर सांगणारी पाने विसरा.

११. सवलती घाटातल्या सगळ्या गाड्यांना लागू आहेत का? आई ७६ वर्षांची, बायको ४०, मुलगा ७.

आईचे तिकीट शून्य रुपयांचे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. शून्य रुपयांचे असले तरी तिकीट घ्यावेच लागते. बायकोला निम्मे भाडे, महिलांची ही सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे. मुलाला अर्धे तिकीट, कारण ५ ते १२ वयाला अर्धे आणि पाचाखाली काही नाही. तुम्ही स्वतः पूर्ण भरा. ६५ ते ७५ मधले पुरुष असाल तर निम्मे.

वयाच्या सवलतीला ओळखपत्र हवे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांतले काहीही चालते. मोबाइलमधले आधार ग्राह्य असले तरी घाटात नेटवर्कअभावी ते उघडत नाही, मग वाद होतो. कागदावरचे जवळ ठेवा. दोन सवलती एकावर एक चढत नाहीत, ७० वर्षांच्या बाईंना पाव तिकीट मिळत नाही. शहर बससेवेला या सवलती लागू नाहीत. राज्याबाहेरचे काय, ते पुढे.

१२. आंबोलीहून बेळगाव, सावंतवाडीहून पणजी. अर्धे तिकीट शेवटपर्यंत चालते का?

नाही. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढच्या टप्प्यांचे पूर्ण भाडे. म्हणून तिकिटाची रक्कम निम्म्यापेक्षा जास्त दिसते. ती कंडक्टरची चूक नसते. आणि गाडी गोव्याच्या कदंबची किंवा कर्नाटकची असेल तर आपली सवलत पहिल्या किलोमीटरपासूनच नाही, गाडी महाराष्ट्रातल्या स्थानकावरून सुटत असली तरी.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीअलीकडेच थांबतात, जसे २०२५ च्या फेब्रुवारीत झाले. तशा दिवशी हद्दीपर्यंत आपली एसटी आणि तिथून पुढे त्यांची गाडी, असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास होतो.

१३. गाडीत यूपीआय चालते?

कंडक्टरकडच्या नव्या तिकीट यंत्रावर चालते. नेटवर्क असेल तर. घाटाच्या मधोमध चढणार असाल तर सुटे पैसे ठेवा. पैसे खात्यातून गेले आणि यंत्रावर आले नाहीत, तर कंडक्टर पुढच्या गावापर्यंत तुमच्याकडे आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता.

१४. पावसाळ्यात घाट चालू आहे की बंद, हे खात्रीने कसे कळणार?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. घाट बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, एसटी नव्हे. आणि बहुतेक घाट दोन जिल्ह्यांत विभागलेले आहेत. आंबेनळी सातारा आणि रायगडमध्ये, वरंध पुणे आणि रायगडमध्ये, कुंभार्ली सातारा आणि रत्नागिरीत, आंबा कोल्हापूर आणि रत्नागिरीत. वरच्या जिल्ह्याने काही काढले नाही म्हणून घाट चालू समजून निघावे, तर खालच्या जिल्ह्याने बंदी घातलेली असते. दोन्ही जिल्ह्यांचे आदेश पाहा.

आदेश नीट वाचा. बंदी कधी फक्त अवजड वाहनांना असते आणि एसटी चालू राहते, कधी बसलाही असते. कधी फक्त रात्रीची असते, कधी हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तेवढ्यापुरती. वरंध घाट तर पावसाळ्यात अवजड वाहनांना किंवा पूर्णच बंद ठेवण्याचे प्रसंग वारंवार येतात. जून ते सप्टेंबर या मार्गाचा बेत आखताना दुसरा मार्ग हाताशी ठेवा.

बंदी फक्त दरडीमुळे येते असेही नाही. परशुराम घाटात रुंदीकरणासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात दिवसाचे ठरावीक तास वाहतूक थांबवली जात होती. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला तो बराच काळ, आणि गाड्या भुईबावडा, फोंडा अशा वळवल्या गेल्या. म्हणजे भर मे महिन्यातही विचारावे लागतेच.

आदेश निघायच्या आधी दरड पडली तर पहिली बातमी आगारात येते, कारण पहाटेची गाडी तिथूनच परत फिरते. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या आगारांना फोन लावा. एकच सांगतो, अतिवृष्टीच्या दिवशी फोन उचलला नाही तर चिडू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचे स्थानक बुडाले, तेव्हा तिथले आगारप्रमुख आगाराची लाखोंची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर बसून होते.

पुलावर पाणी असेल तर गाडी थांबते, कितीही वेळ. महाडजवळ सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्यानंतर थांबलेल्या चालकाला ‘काढा हो गाडी, पाणी एवढंसंच आहे’ असे म्हणणाऱ्याने तोंड आवरावे.

१५. मला गाडी लागते. कुठे बसू?

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, शक्यतो पुढच्या बाजूला, खिडकीशी. मागच्या चाकांमागचा भाग बाहेर लोंबता असतो आणि वळणावर तोच सर्वांत जास्त झुलतो, शेवटच्या बाकावर तर विचारू नका. नजर समोरच्या रस्त्यावर ठेवा. मोबाइल, पुस्तक बंद. पोट रिकामेही नको आणि गच्चही नको. गोळी घेणार असाल तर घाट सुरू झाल्यावर उपयोग नाही, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. लहान मुलांना किंवा गरोदर बाईला द्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उतरताना कानांत दडे बसतात तो वेगळा प्रकार. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आणि पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीच्या पातळीला. ही सगळी उंची गाडी चाळीसेक किलोमीटरमध्ये उतरते. आवंढा गिळा, जांभई द्या, तान्ह्याला पाजा.

आणि पिशवी जवळ ठेवा. खिडकीतून डोके बाहेर काढून ओकण्याची पद्धत मागच्या खिडकीतल्यावर अन्याय करते, शिवाय घाटात समोरून येणारी गाडी हातभर अंतरावरून जाते.

१६. उतारावर ड्रायव्हर इतकी सावकाश का चालवतात? आणि जळका वास येतो तो कसला?

उतारावर वजनदार गाडी सतत पायाच्या ब्रेकवर धरली तर ड्रम आणि लायनर तापतात, आणि एका मर्यादेपलीकडे ब्रेकची पकडच सुटते. म्हणून जाणता चालक घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवतो. जुन्या चालकांचा हिशोब सरळ आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतरताना इंजिनचा घुमणारा मोठा आवाज येत असेल तर निर्धास्त बसा, काम बरोबर चालले आहे. आवाज अगदी शांत आणि वेग वाढता असेल, म्हणजे गाडी न्यूट्रलवर सोडली असेल, तर कंडक्टरला सांगायला लाजू नका.

जळका वास बऱ्याचदा पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असतो. आपल्या गाडीचा असला तर चालक रुंद जागा पाहून थांबतो आणि ब्रेक निवू देतो. ती दहा मिनिटे कुरकुर न करता काढायची.

अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड, हे त्याचे कारण. हा नियम न पाळणारे बहुतेक शनिवारी-रविवारी आपापल्या मोटारींतून येतात.

१७. घाटात गाडी बंद पडली. तिकीट वाया जाते का?

नाही. त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देणे कंडक्टरचे काम आहे. म्हणून तिकीट फेकू नका. मागची गाडी भरलेली असेल तर म्हातारे आणि लेकुरवाळ्या आधी, बाकीचे पुढच्या गाडीने, असे सहसा आपसूक होते. वळणावर, दरीच्या कठड्यावर किंवा गाडीच्या मागे उभे राहू नका. थांबायचे तर डोंगराच्या बाजूला, आणि पावसात तेही नको, कारण दगड तिथेच येतात. तेव्हा गाडीतच बसा.

१८. घाट बंद म्हणून फेरी रद्द झाली किंवा लांबून वळवली. आरक्षणाचे पैसे?

महामंडळाने फेरी रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन काढलेले ऑनलाइनच परत येतात, खिडकीवर काढलेले खिडकीवर. गाडी वळवली असेल तर आधी पाहा की तुमचा थांबा त्या नव्या वाटेवर आहे का. आंबा घाटाऐवजी दुसऱ्या घाटाने गेलेली रत्नागिरीची गाडी साखरप्याला येणारच नाही, आणि शेवटच्या स्थानकापर्यंत तिकीट असलेल्याला जे चालते ते तुम्हाला चालणार नाही. अशा वेळी गाडीत न बसता सुटायच्या स्थानकावरच परतावा मागा. एकदा बसून अर्ध्या वाटेत उतरलात तर प्रकरण किचकट होते.

१९. फाट्यावर हात दाखवला तर थांबते का?

साधी गाडी थांबते, पण जागा पाहून. माळशेजच्या रस्त्यावर खिरेश्वरसाठी खुबी फाट्याला उतरणारे-चढणारे ट्रेकर नेहमीचेच. मात्र घाटाच्या ऐन वळणावर, चढावर किंवा धबधब्यासमोर गाडी थांबवता येत नाही. तिथून फोटो काढून निघाला असाल तर पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत चाला आणि चालकाला लांबून दिसाल असे उभे राहा. धुक्यात टॉर्च लावा. विनाथांबा आणि रातराणी गाड्यांची आशा करू नका.

२०. मोठी सॅक, सायकल, तांदळाचे पोते नेता येते का?

पूर्ण तिकिटावर ३० किलोपर्यंत सामान मोफत, त्यापुढे लगेजचे तिकीट. सॅक डिकीत टाकायची तर पावसाळ्यात आतून प्लॅस्टिक लावा. गॅसचे डबे, रॉकेल, पेट्रोल चालत नाही, आणि यात ट्रेकच्या स्टोव्हचा छोटा डबाही आला. सायकलीचे जागेवर अवलंबून, कंडक्टरशी गोडीत बोला.

२१. सप्तशृंगगडावर स्वतःची गाडी न्यावी की एसटीने जावे?

नवरात्रोत्सवात प्रश्नच नाही. खासगी वाहने नांदुरीलाच थांबवतात आणि वर फक्त एसटी जाते. एरवी दोन्ही चालते. महाशिवरात्रीला भीमाशंकरलाही मोटारी अलीकडच्या वाहनतळावर थांबवून पुढे बसने नेतात. यात्रेच्या दिवशी परतीच्या रांगेचा वेळ जाण्याच्या दुप्पट धरा.

२२. इलेक्ट्रिक बस घाट चढते का?

चढते. बोरघाटात ई-शिवनेरी रोज चढते. उतरताना मोटारच गाडीला धरून ठेवते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते, त्यामुळे ब्रेकही कमी तापतात (प्रश्न १६). लहान घाटांत अडचण आहे ती चार्जिंगच्या सोयीची आणि गाडीच्या लांबीची.

२३. गाडीत बॅग विसरली. आता?

ज्या स्थानकावर उतरलात तिथे नोंद करा, पण तेवढ्यावर थांबू नका. बॅग गाडीबरोबर तिच्या आगारात जाते आणि रात्री गाडी धुताना सापडते. तिकिटावर तारीख, वेळ आणि फेरीचा तपशील असतो. त्याचा फोटो काढून ठेवलेला असेल तर आगाराला फोन करून सांगता येते की अमुक फेरी, अमुक बाजूची खिडकी, वरच्या रॅकवर निळी बॅग. मुक्कामी गाडी असेल तर ती दुसऱ्या दिवशी पहाटे तालुक्याला येते. तेव्हा स्थानकात जाऊन उभे राहा. कंडक्टरने बॅग बहुधा स्वतःच्या पेटीशेजारी ठेवलेली असते, आणि ताब्यात देण्याआधी तो आत काय काय आहे ते विचारतोच.